जन्मघटकेच्या पलीकडे

मेंदूतील इजेमुळे हालचालींवर परिणाम करणाऱ्या सेरेब्रल पाल्सीचे निदान बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत होते. तिच्यासह जगायचे असते ते मात्र आयुष्यभर. या आयुष्याच्या कोणत्या टप्प्यासाठी सरकारे संशोधनावर पैसा खर्च करतात आणि कोणता टप्पा कोरडा राहतो, हा या अभ्यासक्षेत्राचा कळीचा प्रश्न आहे.

सार्वजनिक निधीने काय साधते, हे आधी पाहायला हवे. १८६१ साली लंडनमध्ये विल्यम लिटल यांनी अवघड बाळंतपण आणि मुलांचे ताठरलेले हातपाय यांचा संबंध मांडला. पुढे शतकभर बाळ प्रसूतीत गुदमरणे हेच सेरेब्रल पाल्सीचे मुख्य कारण समजले गेले. या समजाची कसोटी लागली ती अमेरिकी सरकारच्या खर्चाने. १९५९ ते १९६६ या काळात तिथल्या रुग्णालयांत ५० हजारांहून अधिक गरोदरपणांची नोंद ठेवण्यात आली आणि मुलांचा सातव्या वर्षापर्यंत पाठपुरावा झाला. त्या नोंदींवरून कॅरिन नेल्सन आणि जोनास एलेनबर्ग यांनी १९८६मध्ये दाखवले, की गुदमरणे हे थोड्याच मुलांच्या बाबतीत कारण ठरते. बाळंतपणात आपलेच काही चुकले, असे मानत आलेल्या कितीतरी आयांसाठी हा निष्कर्ष मोलाचा होता.

२००८मध्ये अशाच निधीवरच्या चाचणीत वेळेआधी प्रसूत होऊ घातलेल्या स्त्रियांना मॅग्नेशियम सल्फेट दिले गेले. त्यांच्या मुलांत मध्यम ते तीव्र सेरेब्रल पाल्सीचे प्रमाण १.९ टक्के आढळले; औषध न मिळालेल्या गटात ते ३.५ टक्के होते. औषध जुने, स्वस्त, कोणत्याही कंपनीला फारसा नफा न देणारे. असे प्रश्न सरकारी पैशाशिवाय तडीस जात नाहीत.

मग उरलेल्या आयुष्याचे काय? मेंदूतील इजा वाढत नाही, म्हणून प्रश्न बालपणातच संपला असे गृहीत धरले गेले. शरीर मात्र बदलत राहते. अनेकांना तिशी-चाळिशीतच सततच्या वेदना, थकवा, सांध्यांची झीज सुरू होते. चालू शकणाऱ्यांपैकी काहींचे चालणे कमी होते. अमेरिकेत सेरेब्रल पाल्सी असलेल्यांमध्ये आज प्रौढच अधिक आहेत, तरी राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या या विषयावरील निधीतला अगदी छोटा वाटा त्यांना मिळत आला आहे. यामागे यंत्रणेची घडणही आहे. अनुदान साधारण पाच वर्षांचे असते आणि वार्धक्याचा अभ्यास दशकांचा. संशोधक मुख्यतः बालरोग विभागांतले. रुग्ण मोठा झाला की त्यांच्या नोंदीतून निसटतो.

ही घडण बदलता येते. दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ साली मुलांच्या खुब्याचे सांधे निखळू नयेत म्हणून नियमित तपासणी आणि नोंदणी सुरू झाली. ती पुढे देशभर पोचली, आणि नंतर प्रौढांनाही तिच्यात सामावून घेतले गेले.

मराठी वाचकासाठी हा विषय परका नाही. आपला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षापर्यंतच सोबत करतो. शिवाय बाहेरचे निष्कर्ष इथे जसेच्या तसे लागू पडतातच असे नाही. प्रसूतीत गुदमरलेल्या बाळांचे शरीर थंड ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत उपयोगी ठरला होता. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील रुग्णालयांत झालेल्या, २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तो लाभदायक ठरला नाही, उलट मृत्यू अधिक झाले. त्या चाचणीला ब्रिटनच्या सार्वजनिक निधीचा आधार होता. आपले प्रश्न आपल्या रुग्णालयांत आणि आपल्या निधीतूनही विचारले गेले पाहिजेत.

म्हणून या क्षेत्राला बालरोगतज्ज्ञांइतकीच अस्थिरोग, वार्धक्य आणि अर्थशास्त्र यांच्या अभ्यासकांची गरज आहे. त्याहून अधिक गरज आहे ती सेरेब्रल पाल्सीसह जगणाऱ्या प्रौढांची. त्यांना केवळ चाचणीत सहभागी करून घेणे पुरेसे नाही. कोणत्या प्रश्नाला पैसा मिळावा, हे ठरवणाऱ्या समितीत त्यांची खुर्ची असली पाहिजे.