परकी मदत आणि घरचा धर्म : दुष्काळनिवारणाविषयीच्या लोकमताचा मागोवा

१

भुकेलेल्यास अन्न द्यावे, याविषयी कोणत्याही समाजात फारसा मतभेद आढळत नाही. ते कोणी द्यावे, कोणास आधी द्यावे आणि घेणाऱ्याने ते कोणत्या नात्याने घ्यावे, हे प्रश्न निघाले म्हणजे मतभेदास आरंभ होतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून महाराष्ट्रात हा वाद बहुधा परदेशाहून येणारी मदत आणि घरचा दानधर्म अशी दोन टोके धरून मांडला गेला. तथापि त्या त्या काळची भाषा आणि कृती यांचा बारकाईने विचार केला असता वेगळी गोष्ट प्रत्ययास येते. लोकांनी दात्याचा देश पाहिला, त्याहून अधिक त्याची देण्याची रीत पाहिली. आणि ‘घर’ या शब्दाची मर्यादा तर प्रत्येक आपत्तीत नव्याने आखली गेली.

या विचारास कल्याणच्या आग्नेयेकडील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हा पट्टा विशेष उपयोगी पडतो. उल्हास नदीच्या खोऱ्यातील हा मुलूख पावसाचा आहे. घाटमाथ्यापलीकडील अवर्षणप्रवण प्रदेशाप्रमाणे येथे दुष्काळ घर करून राहिला नाही. मात्र दुष्काळाने व अन्य आपत्तींनी उठवलेली माणसे येथे वारंवार येत राहिली. म्हणून ‘आलेला तो आपला की परका’ हा प्रश्न येथे पुस्तकी राहिला नाही. तो दाराशी उभा राहिला.

२

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट होईल. दान, अन्नछत्र, सदावर्त हे शब्द संस्कृत परंपरेतून आले. त्यांत देणाऱ्याचे पुण्य मध्यवर्ती आहे. अंबरनाथच्या शिवालयात शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातील शिलालेख आहे. त्याच राजवंशाच्या दानपत्रांत अग्निहोत्रादी कर्मांबरोबर अतिथीचा सत्कार हेही दानाचे प्रयोजन म्हणून येते. ‘मदत’ आणि ‘खैरात’ हे शब्द फारसी-अरबीच्या वाटेने आले. पैकी ‘मदत’ बरोबरीच्या माणसांतही चालते; ‘खैरात’ मात्र मराठीत उधळपट्टीच्या अर्थाकडे झुकली. ‘धर्म’ या शब्दाने कर्तव्य आणि भिक्षा असे दोन्ही अर्थ पोटात घेतले. याचकाची हाक आणि ‘धर्मादाय’ हा कायद्यातील शब्द एकाच मुळाचे आहेत.

याहून निराळा गट महसुली शब्दांचा : तगाई, सूट, तहकुबी. यांत पुण्याचा संबंध नाही. रयत आणि सरकार यांच्यातील व्यवहार आहे. दुष्काळात सारा तहकूब व्हावा, बी-बियाणास तगाई मिळावी, हे रयतेने मागावयाचे असते. त्यासाठी हात पसरावयाचा नसतो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा महाराष्ट्रात इतकी रुजली, याचेही कारण येथेच शोधावे लागते. दामाजीपंतांनी वाटले ते स्वतःचे धान्य नव्हे. कथेप्रमाणे ते बादशाही कोठारातील होते. ते लुटवले हा अपराध आहे असे श्रोत्यांस कधी वाटले नाही. रयतेच्या घामाचे धान्य रयतेच्या पोटात गेले, एवढाच त्याचा अर्थ लोकांनी घेतला.

३

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात ही जुनी समजूत नव्या राजवटीशी भिडली. पुणे, सोलापूर, सातारा, नगर या जिल्ह्यांस त्याची मोठी झळ लागली. कल्याणहून बदलापूर-नेरळकडे जाणारा लोहमार्ग १८५६ साली सुरू झाला होता आणि १८६३ पासून बोरघाटातून गाड्या जाऊ लागल्या होत्या. दुष्काळात या मार्गाने धान्य घाट चढत होते आणि उपाशी माणसे कोकण व मुंबईकडे घाट उतरत होती. त्याच काळात हिंदुस्थानातून इंग्लंडला होणारी गव्हाची निर्यातही चालूच राहिली.

सरकारने दुष्काळी कामे काढली. परंतु १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेम्पल यांच्या धोरणानुसार मजुरीचे मान माणशी एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतके खाली आणले गेले. हजारो मजूर काम सोडून निघून गेले. पुणे सार्वजनिक सभेने या प्रकरणी सरकारकडे सविस्तर तक्रारी केल्या. उपासमारीत मजुरी नाकारणे ही कृती बाहेरच्या निरीक्षकास आत्मघातकी वाटेल. पण दिवसभर खडी फोडून पोट भरत नसेल तर ती मजुरी नव्हे, अशी त्यामागील भूमिका दिसते.

याच वर्षी ऑगस्टमध्ये मद्रासहून केलेल्या आवाहनावरून लंडनच्या लॉर्ड मेयरांनी मॅन्शन हाउस फंड उघडला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांना असा खाजगी निधी पसंत नव्हता. सरकारच्या काटकसरीत तो व्यत्यय आणील असे त्यांचे मत होते. अर्थात परदेशातील सामान्य माणसाची वर्गणी आणि परकी सरकारचे धोरण या दोन गोष्टी एक नव्हत्या, किंबहुना परस्परविरोधीही होत्या. देशी टीकाकारांचा रोख मुख्यतः धोरणावर होता. देशातून सारा व धान्य नेऊन त्यातील अल्पांश दया म्हणून परत करणे, यास मराठीत ‘हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे’ हा वाक्प्रचार नेमका लागू पडतो.

घरचा धर्मही स्वस्थ बसला नव्हता. जोतीराव फुले व त्यांचे सहकारी यांनी १८७७ साली पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी ‘व्हिक्टोरिया बालाश्रम’ चालवला. सावित्रीबाईंनी ओतूर भागात मदतकार्य केले. आश्रमास परक्या राणीचे नाव आणि पंगतीला घरची मुले, ही गोष्ट ‘घर’ व ‘परके’ यांचे सरळ विभाजन मानणाऱ्यास अडचणीची वाटेल. पारंपरिक अन्नछत्रात जातिभेद पाळला जाण्याचा संभव असे. ज्यांना घरच्याच पंगतीत जागा नव्हती, त्यांच्या दृष्टीने ‘घरचा धर्म’ हा शब्द निर्दोष नव्हता, याचे भान सत्यशोधकांना होते.

४

१८८० च्या दुष्काळ आयोगानंतर फॅमिन कोड तयार झाला. १८९६ साली पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा टिळकांच्या प्रभावाखालील सार्वजनिक सभेने आणि ‘केसरी’ने या कोडातील तरतुदी मराठीतून रयतेस समजावून सांगितल्या. सभेचे प्रतिनिधी ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतही फिरले. १८९७ साली सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. भाषेच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची आहे. इंग्रजीत जोवर कोड होता, तोवर तो अधिकाऱ्यांची कार्यपद्धती होता; मराठीत उतरताच तो रयतेचा हक्क झाला. सरकारला खुपली ती नेमकी ही अर्थांतराची क्रिया.

परकी मदतीविषयीचा संशय या काळात तीव्र झाला, त्यास धर्मांतराचा प्रश्न कारण होता. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ साली मुंबईत निघाले. त्यास अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनचा आधार होता. सदन पुण्यास आल्यावर १८९३ साली मुलींच्या धर्मांतराचा वाद उसळला आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सहानुभूतिदार सल्लागारपदावरून दूर झाले. पुढे दुष्काळातील शेकडो निराधार मुली व स्त्रिया रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या. १९०० साली अमेरिकन वर्गणीतून भरलेले ‘क्विटो’ जहाज मका घेऊन मुंबईस आले. या मदतीत ‘आवळा देऊन कोहळा काढण्याचा’ हेतू अनेकांस दिसला आणि तो संशय सर्वस्वी निराधार होता असे म्हणता येत नाही. पण त्या मुलींस घरच्या समाजाने कोणता आसरा दिला होता, हा रमाबाईंचा प्रतिप्रश्नही तितकाच सबळ होता. १८९६ साली धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापिला. केवळ निषेध पुरेसा नाही, घरी पर्याय उभा करावयास हवा, ही जाणीव त्यातून व्यक्त झाली.

५

‘घरचा’ कोण, हा प्रश्न सर्वांत उघडपणे पुढे आला तो विसाव्या शतकाच्या मध्याला. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळाने लक्षावधी माणसे मरत असता कोल्हापूरजवळील वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी वसत होती. ‘घरचे झाले थोडे, व्याह्याने धाडले घोडे’ ही म्हण अशा प्रसंगी ओठांवर यावी, हे स्वाभाविक होते. तरीही दूरच्या पोलिश मुलांस आसरा देणाऱ्या भूमीवर त्या छावणीची स्मृती आजही कृतज्ञतेने जपली जाते. बंगालला अन्न न पोहोचण्याची कारणे युद्धकालीन धोरण, साठेबाजी व वाहतूक यांत होती. वळिवड्याच्या भाकरीत नव्हती.

चार वर्षांनी कल्याणजवळ याच प्रश्नाने उलटे रूप घेतले. युद्धकाळात तेथे लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर तिच्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसे उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसून तिचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले. पण बोलीने ‘कॅम्प’ सोडला नाही. कॅम्प नंबर एक ते पाच ही नावे पाऊणशे वर्षांनंतरही पत्त्यात आणि रिक्षावाल्याच्या तोंडी आहेत.

येणारे लोक स्वदेशाचे नागरिक होते. तरी भाषा, वेष व अन्न यांनी ते परके ठरले. मराठीने त्यांस ‘निर्वासित’ म्हटले, म्हणजे घालवून दिलेले. हिंदीने ‘शरणार्थी’ म्हटले, म्हणजे आश्रय मागणारे. सिंधी समाजाने या दुसऱ्या शब्दास हरकत घेऊन ‘पुरुषार्थी’ हा शब्द पुढे केला. एका प्रत्ययान्त शब्दाच्या जागी दुसरा आला, एवढेच यात घडले नाही. शिधा आणि निर्वाहभत्ता घेणारा माणूस शरण आलेला आहे की स्वकष्टाने पुन्हा उभा राहणारा आहे, याचा निवाडा त्याने स्वतः केला. बराकींत पापड, मिठाई, शिलाई, लहान यंत्रे यांचे धंदे निघाले. दरबारांतून लंगर चालले; तेथे घेणारा दुसऱ्या दिवशी वाढणाराही होऊ शकत असे.

शेजाऱ्यांची बाजूही नोंदली पाहिजे. युद्धकाळात या परिसरातील शेतकऱ्यांच्या जमिनी लष्करासाठी घेतल्या गेल्या होत्या. नेवाळी येथील धावपट्टीच्या जमिनीचा तंटा तर २०१७ सालच्या आंदोलनापर्यंत धगधगत राहिला. आपली जमीन गेलेल्या माणसास सरकार दुसऱ्यास वसवताना दिसले, म्हणजे ‘आधी घरच्यांचे काय’ हा प्रश्न त्याच्या तोंडी येणारच. तो प्रश्न निर्दयपणाचा म्हणून निकालात काढता येत नाही. मात्र त्याचा रोख चुकीच्या माणसाकडे वळला. जमीन घेणारा निराळा होता आणि बराकीत उतरलेला निराळा. उल्हासनगरच्या मालावरील ‘यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा प्रसिद्ध विनोद हसवतो खरा. पण कल्याणपासून काही मैलांवरच्या वस्तीस तो थेट परदेशात नेऊन बसवतो, हेही विसरता येत नाही.

६

स्वातंत्र्योत्तर काळात खरी अमेरिकन मदत आली ती धान्याच्या रूपाने. १९५१ चे गव्हाचे कर्ज आणि १९५६ पासून पी. एल. ४८० खालील आयात यांमुळे परदेशी गहू रेशनच्या दुकानात नित्याचा झाला. १९६५-६६ च्या अवर्षणात हे अवलंबन राजकीय दडपणाचे साधन कसे बनते, याचा देशाने अनुभव घेतला. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ‘मिलो’ नावाची तांबडी ज्वारी पोहोचली. त्या वर्षी सरकारने परदेशातून धान्य विकतही घेतले होते. परंतु खाणाऱ्याच्या लेखी विकतच्या व मदतीच्या दाण्यात फरक नव्हता. घरच्या ज्वारीची चव नसलेला दाणा, एवढीच मिलोची आठवण उरली.

त्या दुष्काळाची दुसरी आठवण कामाची आहे. मे १९७३ च्या सुमारास दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली. वि. स. पागे यांनी १९६५ पासून मांडलेल्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आकारास आली. तिचा कायदा १९७७ साली संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ‘मागेल त्याला काम’ या तीन शब्दांत ‘मागणे’ हे क्रियापद भिक्षेच्या अर्थातून सुटून हक्काच्या अर्थात आले. १८७७ साली काम सोडून गेलेल्या मजुरांना आणि १८९६ साली कोड वाचून दाखवणाऱ्यांना जे अभिप्रेत होते, त्यास येथे कायद्याचे रूप मिळाले. दरम्यान मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे मुंबई-ठाण्याच्या औद्योगिक पट्ट्यात उतरली. अंबरनाथ-उल्हासनगरच्या कारखान्यांत आणि बदलापूरच्या चाळींत घाटावरची बोली त्यांच्याबरोबर आली. या वेळी उपरे ठरले ते मराठी बोलणारेच.

७

या विवेचनावरून दोन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, परकी मदत आणि घरचा धर्म हा विरोध दुष्काळाच्या इतिहासात गौण आहे. परदेशी वर्गणीस लोकांनी सरसकट झिडकारले नाही आणि घरच्या अन्नछत्रासही सरसकट गौरविले नाही. जेथे घेणाऱ्याचा धर्म, श्रम वा स्वाभिमान यांची किंमत मागितली गेली, तेथे रोष उत्पन्न झाला. मग मागणारा मिशनरी असो, टेम्पलसाहेब असो, की गावातील जातीची पंगत असो.

दुसरा निष्कर्ष असा की, ‘आधी घरचे’ हे तत्त्व उच्चारण्यास सोपे, पण ‘घर’ कोठे संपते हे सांगितल्यावाचून निरर्थक आहे. १८७७ चा सातारकर, १९४८ चा सिंधी आणि १९७३ चा मराठवाडी हे तिघेही या पट्ट्यात परके म्हणून आले. त्यांच्यापैकी जे येथे राहिले, त्यांची मुलेबाळे पुढच्या आगंतुकाकडे घरधन्याच्या नजरेने पाहू लागली. घराची सीमा भूगोलाने ठरत नाही. प्रत्येक पिढी ती आपल्या भयाने किंवा औदार्याने ठरवीत असते. दुष्काळाच्या इतिहासाचा अभ्यास करताना धान्याच्या आकड्यांबरोबर या शब्दांचाही हिशेब ठेवावा लागतो, तो यासाठीच.