अपयशाची नोंद

शास्त्राच्या इतिहासांत यशाचे पोवाडे पुष्कळ. अपयशाची प्रामाणिक नोंद मात्र विरळा. म्हणूनच आम्हांस अन्ननलिकेच्या जन्मजात व्यंगाची कथा मननीय वाटते.

कांहीं अर्भकांची अन्ननलिका जन्मतःच मध्यें तुटलेली असते. वरचा तुकडा पिशवीसारखा बंद असतो. खालचा बहुधा श्वासनलिकेस जोडलेला. दूध पोटांत पोंचत नाहीं. उलट लाळ व जठरांतील आम्ल फुप्फुसांत शिरतें. इंग्लंडांत टॉमस गिब्सन यानें १६९७ सालीं अशा मुलाचें वर्णन केलें. पण वांचविण्याचा उपाय सांपडण्यास जवळजवळ अडीचशें वर्षें लागलीं.

१९३९ सालीं अमेरिकेंत लॅड व लेव्हेन यांनीं, स्वतंत्रपणें, टप्प्याटप्प्यानें शस्त्रक्रिया करून एकेक मूल जगविलें. तथापि तुटलेलीं टोकें एकदम सांधणें साधत नव्हतें. १९४० सालीं बोस्टनच्या लॅनमन यांनीं ३२ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील एकही वांचला नव्हता. तरी त्यांनीं कांहीं लपविलें नाहीं. यश येणें हा केवळ काळाचा प्रश्न आहे, असा निर्वाळाच दिला.

तो खरा ठरण्यास फार दिवस लागले नाहींत. १५ मार्च १९४१ रोजीं मिशिगनमध्यें कॅमरन हाइट यांनीं बारा दिवसांच्या मुलीचीं दोन्ही टोकें सांधलीं. सांधा गळला, पुढें आकसलाही. पण मुलगी जगली. आज दुसरें गंभीर व्यंग नसल्यास, चांगल्या रुग्णालयांत अशीं बहुतेक मुलें वांचतात.

हाइट यांचा गौरव यथार्थच होय. परंतु ज्यानें आपलें अपयश जगापुढें मांडलें, त्याचाही त्या यशांत वांटा आहे, हें आम्हीं विसरूं नये.