वस्त्र, मालकी आणि माणूस : कृष्णवर्णीयांच्या वेषेतिहासाचे एक प्रदर्शन

वस्त्र हे इतिहासाचे साधन आहे हे तत्त्वतः कोणी नाकारीत नाही. तथापि ताम्रपट, नाणी व दप्तरे यांना मिळणारा मान जीर्ण कापडाच्या वाट्यास क्वचितच येतो. न्यू यॉर्क येथील मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाच्या वेषभूषा विभागाने १० मे ते २६ ऑक्टोबर २०२५ या काळात भरविलेले ‘सुपरफाइन : टेलरिंग ब्लॅक स्टाइल’ हे प्रदर्शन या दृष्टीने विचारार्ह आहे. अठराव्या शतकापासून आजपर्यंत अटलांटिक महासागराच्या दोन्ही तीरांवरील कृष्णवर्णीयांचा, मुख्यत्वे पुरुषांचा, शिवलेला वेष हा त्याचा विषय. मोनिका मिलर यांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा त्यास आधार होता, आणि झोरा नील हर्स्टन यांच्या १९३४ मधील एका निबंधाच्या धर्तीवर त्याची १२ विभागांत मांडणी केलेली होती.

प्रदर्शनाचे नाव ओलौदा इक्वियानो याच्या १७८९ साली छापलेल्या आत्मवृत्तावरून घेतलेले आहे. ‘सुपरफाइन’ ही उंची लोकरी कापडाची व्यापारी प्रत होय. इक्वियानो १७६६ साली आपल्या मालकास मोल देऊन गुलामगिरीतून सुटला. सुटकेसाठी पै पै साठवीत असतानाच त्याने आठ पौंडांहून अधिक रक्कम अशा कापडाच्या एका पोषाखावर खर्च केली. मुक्तीच्या दिवशी तो पोषाख घालून नाचावयाचे, हा त्याचा हेतू होता. म्हणजे मुक्तिपत्र हाती येण्यापूर्वीच मुक्त माणसाचा वेष सिद्ध झाला होता. ही उधळपट्टी होती असे म्हणता येत नाही. ज्याचा देहच दुसऱ्याची मालमत्ता होता, त्याने स्वतःच्या निवडीने घेतलेली वस्तू हा त्याच्या माणूसपणाचा पहिला दस्तऐवज ठरतो.

याच्या उलट टोकास प्रदर्शनातील ‘मालकी’ हा विभाग होता. त्यात मेरीलँड येथील एका गुलाम चाकराचा जांभळ्या मखमलीचा, फितीने मढविलेला गणवेष मांडलेला होता. तो पाहणाराचे डोळे दिपतात. परंतु त्या झळाळीचा धनी चाकर नसून त्याचा मालक होता. येथे साधनचिकित्सेचा एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. शेतमळ्यांत राबणाऱ्या लक्षावधी लोकांचे जाडेभरडे कपडे अंगावरच फाटले, चिंध्या होऊन संपले. मालकाच्या वैभवाची निशाणी असलेला गणवेष मात्र जपून ठेवला गेला. अर्थात जे शिल्लक आहे ते सर्वसामान्यांचे प्रातिनिधिक नव्हे, आणि संग्रहालयाच्या काचेआड जाण्याचा मानही पुष्कळदा मालकीनेच ठरविलेला असतो.

ही उणीव भरून काढावयाची तर कायदे व जाहिराती यांचा आश्रय घ्यावा लागतो. १७३९ च्या स्टोनो येथील उठावानंतर दक्षिण कॅरोलायनाने १७४० साली केलेल्या कायद्यात गुलामांनी कोणते कापड वापरावे याची यादीच दिली आहे. त्यात ‘नीग्रो क्लॉथ’ या नावाने विकले जाणारे भरड कापड आहे, तसेच कालिकत बंदरावरून नाव पडलेले कॅलिकोही आहे. निर्बंध घालावा लागला, यावरूनच गुलाम त्याहून चांगले कपडे वापरीत होते हे सिद्ध होते. पळून गेलेल्या गुलामांना पकडण्यासाठी मालकांनी वृत्तपत्रांत दिलेल्या जाहिरातींत अंगरख्याचा रंग, गुंड्या, टोपीची ठेवण यांची बारीक वर्णने आढळतात. शोधासाठी लिहिलेला मजकूर आज पळणाराच्या आवडीनिवडीची साक्ष देतो. १७८६ साली लुइझियानाचा गव्हर्नर मिरो याने न्यू ऑर्लीन्समधील स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांवर डोक्यास फडके बांधण्याची सक्ती केली. त्या स्त्रियांनी मद्रासी रुमालांसारखी रंगीत वस्त्रे ऐटीने बांधून त्या कमीपणाच्या खुणेचेच भूषण केले.

एकोणिसाव्या शतकात हा झगडा छायाचित्रांतही उतरला. फ्रेडरिक डग्लस याने आपली असंख्य छायाचित्रे नीटनेटक्या पोषाखात काढवून घेतली. १९०० च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनासाठी ड्यू बॉइस यांनी जमविलेल्या छायाचित्रसंग्रहामागेही हीच दृष्टी होती. विटंबनाचित्रांना दिलेले ते उत्तर होते.

परंतु परिधान करणाराच्या इतिहासात शिवणाराचा इतिहास हरवता कामा नये. एलिझाबेथ केकली हिने १८५५ साली १२०० डॉलर भरून स्वतःची व मुलाची सुटका केली आणि पुढे ती अध्यक्ष लिंकन यांच्या पत्नीची शिवणकर्ती झाली. १९५३ साली जॅकलिन केनेडी यांचा विवाहवेष ॲन लो हिने शिवला. तत्कालीन बहुतेक वृत्तांतांत मात्र तिचे नाव आले नाही. अशी नावे जपण्यासाठी लोइस अलेक्झांडर लेन यांनी १९७९ साली हार्लेम येथे ‘ब्लॅक फॅशन म्युझियम’ स्थापन केले. त्याचा संग्रह २००७ साली वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या आफ्रिकी-अमेरिकन इतिहास संग्रहालयाकडे गेला. मोठ्या संग्रहालयांनी आज जे मांडले आहे, त्याची पायाभरणी अशा एकाकी प्रयत्नांनी झाली, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल.

मराठी अभ्यासकास हा विषय सर्वस्वी परका नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सज्जनांस अर्पण केला होता. १९२७ च्या डिसेंबरात महाड येथे डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना उद्देशून केलेल्या भाषणात, ज्या नेसण्याच्या रीतीवरून व दागिन्यांवरून अस्पृश्यता ओळखू येते ती रीत टाकून देण्यास सांगितले होते. दोन्ही समाजांचा इतिहास भिन्न आहे, आणि त्यांची सरसकट तुलना करणे योग्य नव्हे. परंतु वेष ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच होता.

मेरीलँडच्या त्या मखमली गणवेषाची फीत, शिवण व रंग यांची नोंद करता येते. तो अंगावर चढविणाऱ्या माणसाची बाजू त्यात कोठेच लिहिलेली नाही. इक्वियानोचा पोषाख आज उपलब्ध नाही. मात्र त्याचा हेतू त्याच्याच शब्दांत उरला आहे. या दोन साधनांना एकत्र वाचणे, एकातील मौन दुसऱ्यातील वाणीने उजळविणे, हेच वेषेतिहासाच्या अभ्यासकाचे खरे कार्य होय.