वैनगंगेवरची तार

अमरावतीच्या बेलोऱ्याला पायलट घडवायची मोठी शाळा होणार, एअर इंडिया तिथं वर्षाला १८० पायलट तयार करणार, ३४ विमानं येणार, अशा पोस्ट आपल्या ग्रुपवर बऱ्याच दिवसांपासून फिरताहेत. आनंदाचीच गोष्ट आहे. १६ एप्रिल २०२५ ला बेलोऱ्याहून प्रवासी विमानही सुरू झालं. तिकडे गोंदियाला बिरसीची शाळा आहेच. नागपूर फ्लाइंग क्लबचं शिक्षण चंद्रपूरजवळच्या मोरव्याच्या धावपट्टीवर न्यायचं ठरलं. म्हणजे येत्या काळात विदर्भाच्या आभाळात शिकाऊ पोरं-पोरी बरीच दिसणार.

"अभिनंदन" लिहून झालं असेल तर आता जरा एक जुनी गोष्ट वाचा. फार जुनी नाही.

२६ एप्रिल २०१७, बुधवारची सकाळ. बिरसीहून डायमंड बनावटीचं एक छोटं शिकाऊ विमान उडालं. आत दोघं, एक शिकवणारे आणि एक शिकणारी मुलगी. गोंदिया आणि बालाघाटच्या सीमेवर, देवरी गावाजवळ, वैनगंगेच्या पात्रावर ते आलं. तिथं नदीचं पाणी मोजण्यासाठी या काठावरून त्या काठापर्यंत एक तार ताणलेली होती. विमान त्या तारेला लागलं आणि नदीत पडलं. दोघंही गेले.

बातमी दोन दिवस चालली. मग आपण विसरलो. खाप्यात तर बहुतेकांना ती कळलीही नसेल. पण नकाशा काढून पाहा. आपली कन्हान पुढं आंभोऱ्याजवळ वैनगंगेलाच मिळते. म्हणजे जिथं ते विमान पडलं, त्या पाण्याला आपलं पाणी खाली जाऊन भेटतं. परक्या मुलखातली गोष्ट नाही ही.

आता मला यातली एक साधी बाब सांगायची आहे. नियम असा आहे की नजरेनं पाहून उडणाऱ्या विमानानं मोकळ्या जागेवर किंवा पाण्यावर जमिनीपासून निदान १५० मीटर, म्हणजे ५०० फूट वर राहायचं. वस्तीवर असेल तर आसपासच्या सगळ्यात उंच वस्तूच्याही ३०० मीटर वर. उतरताना आणि चढतानाच काय ती सूट. नदीचं पाणी मोजायची तार काही दीडशे मीटर उंच बांधत नाहीत. मग विमान तारेपर्यंत आलं म्हणजे ते किती खाली होतं, याचा हिशोब शाळेतला पोरगाही करेल.

गेलेल्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. लिहायचं कारण असं की खाली उडण्याची ओढ फार जुनी आहे, आणि तिनं आजवर शिकाऊंना धरलं तसंच चांगल्या जाणत्यांनाही धरलं आहे.

आपल्या देशात हौशी उड्डाण सुरू झालं ते फ्लाइंग क्लबांतून. १९२८ साली मुंबईत जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लब निघाला. तिथं शिकून जे. आर. डी. टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ ला परवाना घेतला, देशातला पहिल्या नंबरचा. वय २४. तेव्हाची मॉथ विमानं म्हणजे लाकडाच्या सांगाड्यावर कापड. उघड्यावर बसायचं, वारा तोंडावर. श्रीमंतांची हौस होती ती, आणि ते कुणी लपवतही नव्हतं. पुढं हौसेचं शिक्षणात रूपांतर झालं. आज क्लबात येणारा पोरगा रविवारची मजा म्हणून येत नाही. बापानं शेत किंवा प्लॉट विकून, नाहीतर बँकेचं कर्ज काढून त्याला पाठवलेलं असतं. त्याला तास भरायचे असतात. दोनशे तास झाले की व्यावसायिक परवाना. हा पैशाचा दाब आधीच्या हौशी लोकांवर नव्हता.

नागपूरचं सोनेगाव तर पहिल्या महायुद्धाच्या काळातलं. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चार दिशांनी रात्री टपालाची विमानं तिथं येत, पिशव्यांची अदलाबदल करून पहाटेपर्यंत परत जात. त्यातलंच एक डकोटा १२ डिसेंबर १९५३ ला उडता उडता पडलं आणि १३ माणसं गेली. पायलट तेवढा वाचला. ते मोठं विमान होतं, आजचा विषय छोट्यांचा आहे. पण "नागपुरात असं कधी झालं नाही" असं कुणी म्हणालं तर ही तारीख लक्षात असू द्या. नागपूर फ्लाइंग क्लब स्वातंत्र्याच्या सुमाराचा, विभागीय आयुक्तांच्या अखत्यारीतला. गेल्या दशकात काही वर्षं तो बंदच होता आणि सेसना विमानं हँगरमध्ये धूळ खात उभी होती. त्यावर वेगळी पोस्ट होईल.

खाली उडण्याच्या ओढीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण दिल्लीचं. २३ जून १९८० ला सकाळी संजय गांधी सफदरजंगहून पिट्स एस-टू-ए हे कसरतीचं छोटं विमान घेऊन उडाले. सोबत कॅप्टन सुभाष सक्सेना. शहरावर, कमी उंचीवर कोलांट्या घेताना विमान सावरलं नाही आणि दोघं जागीच गेले. त्यांच्या उडण्याच्या पद्धतीवर विमान खात्याच्या प्रमुखांनी आधी आक्षेप घेतला होता आणि त्यांनाच रजेवर जावं लागलं, असं तेव्हा छापून आलं. अपघातानंतर न्यायमूर्तींची चौकशी नेमली आणि मग गुंडाळली. मला त्या अपघातापेक्षाही हा शेवट जास्त खटकतो. देशातल्या सगळ्यात ताकदवान घरातला मुलगा गेला तरी चौकशी पूर्ण झाली नाही, तिथं बाकीच्यांचं काय?

आता तारेकडे परत येऊ, कारण शिकण्यासारखं तिथंच जास्त आहे.

तार दिसत नाही. खांब दिसतो, टॉवर दिसतो, तार दिसत नाही. तुम्ही हैदराबाद रोडवरून जाताना वरच्या लाइनच्या तारा कधी नीट पाहिल्या का? पाठीमागं झाडं किंवा पाणी असलं की त्या विरून जातात. छोटं विमान ताशी २०० किलोमीटरनं चाललं असेल तर सेकंदाला ५५ मीटर पुढं जातं. तार १५० मीटरवरून दिसली तरी हातात तीन सेकंदांहून कमी वेळ. त्यात ओळखायचं, ठरवायचं, दांडा ओढायचा आणि विमानानं ऐकायचं. होत नाही. त्यात संथ पाण्यावरून उंचीचा अंदाज चुकतो, आपण आहोत त्यापेक्षा वर आहोत असं वाटतं. म्हणून जगभर नद्यांवरच्या आणि दऱ्यांवरच्या तारांना मोठे नारिंगी, लाल किंवा पांढरे गोळे लावतात. आंतरराष्ट्रीय निकषात त्यांचा आकारही दिलेला आहे, निदान ६० सेंटिमीटर व्यासाचे. कुठं कुठं हायटेन्शन लाइनवर तुम्ही ते पाहिले असतील.

दुसरी गोष्ट, उन्हाची. ही खास आपली. हवा तापली की पातळ होते. पंखाला उचलायला कमी हवा मिळते, इंजिनाला श्वास कमी मिळतो, पंख्याला पकड कमी मिळते. सोनेगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ३१५ मीटरवर आहे. मे महिन्यात दुपारी ४५ अंश असताना तिथं उभं असलेलं विमान जवळपास १,४५० ते १,५०० मीटर उंचीच्या जागी असल्यासारखं वागतं. म्हणजे विमानाच्या लेखी नागपूर चिखलदऱ्यापेक्षाही वर गेलं! ११० घोड्यांच्या इंजिनाचं सेसना १५२ थंडीत जसं चढतं तसं तेव्हा चढणार नाही. आणि समोर सातपुड्याची रांग उभी असेल तर चढायला वेळ पुरत नाही. अशा वेळी सकाळी लवकर उडायचं आणि दरीत शिरायचं नाही, हे शहाणपण पुस्तकात आहे. पण तासांचं टार्गेट दुपारीही असतं.

१८ मार्च २०२३ ला बिरसीहूनच दुपारी तीनच्या सुमारास निघालेलं दुसऱ्या एका शाळेचं विमान बालाघाट जिल्ह्यात लांजी-किरणापूरच्या डोंगरी जंगलात पडलं. पुन्हा एक शिकवणारे, एक शिकणारी मुलगी. पुन्हा दोघंही गेले. सहा वर्षांत एकाच धावपट्टीवरून निघालेल्यांपैकी चार माणसं, आणि दोन्ही वेळा पडायची जागा सीमेपलीकडची नाहीतर सीमेवरची, म्हणून महाराष्ट्राच्या वर्तमानपत्रात अर्धी बातमी.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बारामतीजवळ १९ आणि २२ तारखेला, चार दिवसांत एकाच अकादमीची दोन विमानं कोसळली. तेव्हा कुठं डीजीसीएनं त्या अकादमीचं प्रशिक्षण थांबवलं. त्याआधी २५ जुलै २०२२ ला इंदापूरच्या कडबनवाडीत एकटी उडणारी मुलगी शेतात पडली होती, सुदैवानं वाचली. छोट्या विमानाचा धोका फक्त कर्ज काढून शिकणाऱ्यांनाच असतो असंही नाही. २४ फेब्रुवारी २०२० ला पटियाळ्याला एनसीसीचं हलकं विमान पडून हवाई दलाचे अनुभवी अधिकारी गेले, सोबतचा कॅडेट जखमी झाला. आपल्या नागपूरलाही एनसीसीची एअर स्क्वाड्रन आहे, खाप्या-सावनेरची पोरंही उद्या तिथं जातील.

आणि चोपड्याची गोष्ट तर मला विसरता येत नाही. १६ जुलै २०२१, जळगाव जिल्हा, वर्डी गावाजवळचा सातपुडा. शिरपूरच्या शाळेचं विमान डोंगरात पडलं. शिकवणारे गेले, शिकणारी मुलगी जबर जखमी. पाऊस, चिखल, रस्ता नाही. जंगलातली आदिवासी मंडळी पहिली पोचली. तिथल्या एका वयस्क बाईंनी अंगावरची साडी सोडून दिली, तिची झोळी केली, आणि त्या झोळीतून पोरीला डोंगराखाली आणलं. कुठलं आलं आपत्ती व्यवस्थापन न् कुठलं काय.

मुद्दा हाच आहे बा. विमान पडतं ते गावात, शेतात, नदीत. पहिला माणूस पोचतो तो तिथलाच. नदीवर तार बांधणारा विभाग जमिनीवरचा, तिला गोळे लावायचे की नाही हे ठरवणारा साहेबही जमिनीवरचा. पण अपघाताचा धडा मात्र यांच्यापैकी कुणापर्यंत येत नाही. २०१२ पासून देशात अपघात तपासायला एएआयबी हे वेगळं कार्यालय आहे. त्याआधी ज्यानं परवाना द्यायचा त्यानंच तपास करायचा असा कारभार होता. एएआयबीचं काम गुन्हेगार शोधण्याचं नाही, पुन्हा तसं होऊ नये म्हणून कारण शोधण्याचं. अहवाल त्यांच्या वेबसाइटवर टाकतात. इंग्रजीत. तो देवरीचा सरपंच वाचतो का? पाटबंधारेचा शाखा अभियंता वाचतो का?

अमेरिकेत १ डिसेंबर १९७४ ला वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूएचं एक मोठं विमान डोंगराला धडकलं. चौकशीत कळलं की काही आठवड्यांपूर्वीच दुसऱ्या कंपनीचं विमान त्याच चुकीनं त्याच डोंगराला घासता घासता वाचलं होतं. त्या कंपनीनं आपल्या पायलटांना सावध केलं, पण ते दुसऱ्यांपर्यंत गेलंच नाही. त्यानंतर १९७६ मध्ये नासाकडे एक व्यवस्था आली. पायलटानं स्वतःची चूक स्वतःच कळवायची, नाव गुप्त राहतं, आणि प्रामाणिक चुकीला सहसा शिक्षा नाही. आजही ती चालते, हौशी छोटे पायलटही तिथं लिहितात. आपल्याकडच्या एखाद्या शिकाऊ पोराला विचारून पाहा, "सरांनी आज नदीवरून फार खाली नेलं" हे तो कुठं लिहून देईल? ज्या सरांच्या सहीवर त्याचे तास भरतात, त्यांच्याबद्दल?

म्हणून शाळा आणणाऱ्या आमदार-खासदारांना हार घालताना आपण दोन-तीन गोष्टी मागू शकतो. विदर्भातल्या नद्यांवरून आडव्या गेलेल्या सगळ्या तारांची यादी जिल्हाधिकारी कार्यालयानं करावी, ती शाळांना द्यावी आणि गोळे लावावेत. विमान किती उंचीवर, कुठून गेलं हे यंत्रातून काढता येतं, ते शाळेबाहेरच्या कुणीतरी दर महिन्याला तपासावं. आणि आपल्या भागातल्या अपघाताचा अहवाल आला की त्याचा चार पानांचा मराठी गोषवारा ग्रामपंचायतीत लावावा. यात खर्च कितीसा?

आणि गावकऱ्यांनी काय करायचं, तेही सांगून ठेवतो. छोटं विमान पडलं तर ११२ ला फोन. जवळ बिडी-माचिस नको, पेट्रोल सांडलेलं असतं. माणूस जिवंत असेल तर काढा, बाकी तुकड्याला हात लावू नका, घरी नेऊ नका. तपास त्यावरच चालतो. काही हलक्या विमानांत पॅराशूट बाहेर फेकायचं छोटं रॉकेट असतं, ते पडल्यावरही सुटू शकतं. म्हणून मोबाइल घेऊन भोवती गर्दी करू नका.

कन्हानवर खाप्यापासून खाली पारशिवनी, कामठीपर्यंत काठावरून काठावर गेलेल्या तारा कुणी पाहिल्या असतील, विजेच्या असोत की पाणी मोजायच्या, तर गाव आणि जागा खाली कमेंटमध्ये लिहा. फोटो असेल तर टाका, गोळे आहेत की नाही तेही लिहा. यादी झाली की सावनेरला तहसीलदारांकडे अर्ज घेऊन जाऊ. कोण कोण येतं ते सांगा.