क्रूसावरची अक्षरं कुठल्या भाषेतली?

तुम्ही अमिरातीत राहत असाल आणि सर बनी यास बेटावर जाऊन फक्त हरणं आणि जिराफ बघून परतला असाल, तर पुढच्या वेळी थोडी वाट वाकडी करा. अबू धाबीहून पश्चिमेला जबल धन्नाचा धक्का, तिथून होडी, आणि बेटावर एका ख्रिस्ती मठाचे अवशेष. १९९२ साली ते सापडले. सातव्या-आठव्या शतकातलं हे बांधकाम. चर्चच्या भिंतींचे पाये आणि भिक्षूंच्या छोट्या खोल्या इथे आहेत. गिलाव्यात कोरलेले क्रूसही इथेच मिळाले.

तुम्हाला तिथे पाठवायचं कारण असं, की हे भिक्षू ज्या पूर्वेकडच्या चर्चचे होते, ते आपल्या किनाऱ्यालाही लागलं होतं. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की 'कल्लियाना' या बंदरात ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप पर्शियातून नेमला जातो. अनेक अभ्यासक हे बंदर म्हणजे आपलं कल्याण मानतात. जंक्शन होण्याच्या तेराशे वर्षं आधीचं कल्याण!

त्या मंडळींची उपासनेची भाषा सिरियाक. मराठीचे पहिले शिलालेखसुद्धा अजून काही शतकं दूर होते. कोकणात त्यांच्या प्रार्थनेचा एक शब्द मागे राहिलेला नाही. पुढे १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला, मराठी शिकला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' त्याने रचलं. १६१६ मध्ये ते रोमन लिपीत छापलं गेलं. स्टीफन्सचं मराठीवरचं प्रेम खरंच होतं. पण तिथे सांगणारा तो आणि ऐकणारे आपण. ऐकणाऱ्याने उठून 'हे कशावरून?' असं विचारायची सोय पुराणात नसते, ते कुणाचंही असो.

हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर विचारला त्या बाईंकडे मला यायचं होतं. पंडिता रमाबाई.

त्यांचं चरित्र तुम्हाला ठाऊक असेल, पण बहुधा 'विधवांसाठी शारदा सदन काढणाऱ्या समाजसुधारक' एवढंच. शाळेत मीही तेवढंच शिकले. धर्मांतराचा उल्लेख असलाच तर अर्ध्या वाक्यात, जरा अवघडून. मला वाटतं, आपण नेमका गाभाच गाळतो. रमाबाईंच्या लेखी स्त्रियांचा प्रश्न आणि सत्याचा प्रश्न वेगळे नव्हतेच.

१८५८ चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, त्यासाठी लोकांचा रोष पत्करला. मुलीला तिच्या आईने शिकवलं. हे कुटुंब गावोगाव फिरून पुराणं सांगत असे. शास्त्राने सांगितलेलं सगळं त्यांनी केलं: उपास, तीर्थयात्रा, दानधर्म. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. भाऊ आणि रमाबाई चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथे त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. तिथेच केशवचंद्र सेन यांनी वेद वाचायला दिले. धर्मशास्त्रं वाचताना रमाबाईंच्या एक गोष्ट ध्यानात आली: ग्रंथांचं आपापसात बाकी कशावर एकमत नसलं, तरी स्त्रीच्या हीनपणावर असतं.

लग्नानंतर सिल्चरला नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूकचं शुभवर्तमान सापडलं, बंगालीतलं. मग १८८२ मध्ये वैधव्य आणि पुढच्या वर्षी इंग्लंड. २९ सप्टेंबर १८८३ ला वॉन्टिज इथे त्यांनी लेक मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. नेहेम्या गोरे या चित्पावन ख्रिस्ती पंडितांच्या लेखनाने बुद्धीला पटवलं. पण मनाला भिडलं ते वेगळंच. वॉन्टिजच्या सिस्टर्स लंडनमध्ये 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांसाठी एक घर चालवत. ते पाहून रमाबाईंनी विचारलं, हे का करता? उत्तरादाखल त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. आपल्या ग्रंथांत अशा बाईला शिक्षा असते, इथे तिच्याशी संवाद आहे, ही ती खूणगाठ.

इथवरची गोष्ट मिशनरी पुस्तकं आनंदाने सांगतात. यापुढची सांगताना ती जरा घाई करतात.

बाप्तिस्मा झाला म्हणून रमाबाईंचे प्रश्न थांबले नाहीत. त्रैक्याचा सिद्धांत चर्च सांगतं तसा बायबलात कुठे आहे, दाखवा. कुमारीच्या पोटी जन्म हा श्रद्धेला आवश्यकच का? त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन हैराण झाल्या. पत्रांत रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणत, आणि त्याच पत्रात ठणकावून सांगत की मला माझी सद्सद्विवेकबुद्धी आहे. एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलं ते दुसरं मानेवर घ्यायला नव्हे. रमाबाईंनी चेल्टनहॅमला पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याला हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांना संतापाइतकंच आश्चर्य वाटलं. कलकत्त्याच्या पंडितांसमोर बोललेली बाई ही!

आणि मग क्रूस. सिस्टर्सच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं असत. रमाबाईंचं म्हणणं, तिथे संस्कृत का नको? मला लॅटिन कळत नाही, माझ्या देशभगिनींनाही कळणार नाही. ब्राह्मणांना संस्कृत जशी देवाची भाषा वाटते, तशी तुम्हाला लॅटिन वाटते काय? मी ही पत्रं पीएचडीच्या वेळी पहिल्यांदा वाचली आणि दोन दिवस दुसरं काही केलं नाही.

रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत कबूल केलंय की १८८३ मध्ये आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. तो भेटला आठेक वर्षांनी. तोवर शारदा सदन निघालं होतं (१८८९, मुंबई), पुण्याला हललं होतं आणि वादळाच्या तोंडी आलं होतं. १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं. मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात हा आरोप होता आणि तो बिनबुडाचा नव्हता. रमाबाईंचं म्हणणं एवढंच, की मी सक्ती करत नाही, पण माझ्या खोलीचं दार प्रार्थनेच्या वेळी बंदही करणार नाही. पालकांनी विश्वासाने मुली सोपवल्या होत्या, हेही खरं. मला इथे एका बाजूला उभं राहणं जमत नाही.

मग केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातून आणलेल्या बायका, १९०० च्या सुमाराला जवळपास दोन हजार. आणि तिथे रमाबाईंनी हाती घेतलेलं शेवटचं काम: अख्खं बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून मराठीत. त्यासाठी त्या दोन्ही भाषा उतारवयात शिकल्या. खिळे जुळवायला, छापायला, बांधायला आश्रमातल्याच बायका.

गंमत पाहा. तरुणपणी लॅटिनऐवजी संस्कृत मागणाऱ्या रमाबाईंनी या भाषांतरात संस्कृत शब्द मुद्दाम टाळले. एक कारण उघड आहे: खेड्यातल्या बाईला कळलं पाहिजे. दुसरं असं की जुने शब्द रिकाम्या हाताने येत नाहीत. माझंच उदाहरण देते: 'मोक्ष' म्हटलं की जन्ममरणाचा फेरा मागोमाग आलाच. ज्या ग्रंथपरंपरेशी रमाबाई भांडून बाहेर पडल्या, तिची भांडी त्यांना या स्वयंपाकात नको होती. नारायण वामन टिळक याच काळात अगदी उलट जात होते, तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे. टिळकांची पदं चर्चमध्ये आजही गायली जातात. रमाबाईंचं बायबल मात्र रुळलं नाही. मंडळ्यांनी बायबल सोसायटीचीच आवृत्ती चालू ठेवली. शब्दाला शब्द ठेवण्याच्या हट्टाने रमाबाईंचं मराठी जागोजागी अवघडलंय, हे मान्य करायला हवं.

१९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. रमाबाई मुद्रितं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तेव्हा काम हातावेगळं झालं होतं. छापून पूर्ण झालेला ग्रंथ १९२४ चा.

अबू धाबीत माझ्याबरोबर राहणारी मैत्रीण वसईची, नर्स आहे. तिच्याकडे फादर दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' आहे. हा लेख लिहिताना मी तिला योहानाचा चौथा अध्याय मोठ्याने वाचायला सांगितला. घागर तिथेच टाकून ती बाई गावात धावत जाते, तिथवर तिने वाचलं आणि थांबली. म्हणाली, "इतक्या वेळा ऐकलंय गं, पण हिचं नाव का नाही दिलंय?"

योहानाने खरंच नाव दिलेलं नाही. आम्ही दोघींनी पुढची पानं उलटून पाहिली. मग तिची नाइट ड्यूटी होती, ती निघाली.