तर्कू

पेशीविभाजनाच्या आकृतीत दोन्ही टोकांना निमुळता आणि मध्ये फुगीर असा तंतूंचा एक जुडगा काढलेला असतो. मराठीत त्याला ‘तर्कू’ म्हणतात. शालेय विज्ञानात हा शब्द ‘तुर्कतंतू’ असाही छापलेला आढळतो आणि मुले तो तसाच पाठ करतात. तुर्कांचा इथे काहीच संबंध नाही. तर्कू म्हणजे सूत कातायची चाती. हिंदीतली तकली आणि आपली टकळी त्याच कुळातली. एखाद्याच्या तोंडाची टकळी सुरू झाली असे आपण म्हणतो, तेव्हा हीच चाती गरगरत असते.

या शब्दाने फार जुन्या काळापासून अभ्यासकांना विचारात पाडले आहे. शब्दातली आधीची आणि नंतरची अक्षरे जागा बदलतात, याची जी उदाहरणे यास्काने निरुक्तात दिली, त्यांत तर्कू आहे. ‘कृत्’ म्हणजे कातणे. त्यावरून ‘कर्तु’ व्हायचे ते ‘तर्कु’ झाले, असा हा उलगडा. आपले ‘कातणे’ही त्याच धातूतून आलेले, म्हणजे या हिशेबाने कातणे आणि तर्कू ही सख्खी भावंडे ठरतात. आधुनिक भाषाशास्त्रज्ञ मात्र पिळणे या अर्थाच्या एका प्राचीन धातूकडे बोट दाखवतात. लॅटिनमधले ‘तोर्क्वेरे’, म्हणजे पिळणे, आणि चातीसाठीचा ग्रीक शब्द ‘आत्राक्तोस’ हे त्याचे नातेवाईक. मला ही दुसरी व्युत्पत्ती अधिक पटते, कारण तिच्यासाठी अक्षरांची उलटापालट गृहीत धरावी लागत नाही.

पेशीत हा शब्द आला तो जर्मन शास्त्रज्ञांमुळे. १८७०च्या दशकात रंग दिलेल्या, मेलेल्या पेशींत त्यांना चातीवर भरलेल्या सुतासारखा आकार दिसला आणि त्यांनी त्याला आपल्या भाषेतल्या चातीचे नाव दिले. १८८२ मध्ये वाल्टर फ्लेमिंगने विभाजनाच्या क्रियेलाच ‘मिटोसिस’ म्हटले. ग्रीकमध्ये ‘मिटोस’ म्हणजे ताण्याचा धागा. त्याच्या डोळ्यांसमोर होते ते गुणसूत्रांचे धागे, म्हणून आपले ‘सूत्री विभाजन’ हे नाव अगदी नेमके बसते. ‘गुणसूत्र’ तर त्याहून देखणे. संस्कृतात ‘गुण’ म्हणजे दोरीचा पदर, धनुष्याची दोरीसुद्धा. आनुवंशिक गुण वाहून नेणारे सूत्र म्हणून घडवलेल्या या शब्दात धागा असा दोनदा येऊन बसला आहे.

हा तर्कू पेशीत काम कसा करतो, ते पाहायला आता यीस्टकडे वळू. पाव फुगवणाऱ्या यीस्टचे शास्त्रीय नाव सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. त्यातले पहिले पद ग्रीकमार्गे आपल्या ‘शर्करा’शी जोडलेले आहे, दुसरे पद बुरशीचे आणि तिसरे बिअरचे. या पेशीला कळी फुटते, कळी वाढते आणि वेगळी होते. जे तर्कू पाहून नाव पडले, तसा तर्कू मात्र इथे दिसत नाही. केंद्रकाचे आवरण शेवटपर्यंत शाबूत राहते, तारककेंद्रे नसतात आणि तर्कू केंद्रकाच्या आतच उभा राहतो. केंद्रकावरणात रुतलेल्या दोन थरदार चकत्या हीच त्याची टोके. गुणसूत्रे वेगळी होण्याआधी त्याची लांबी जेमतेम दीड ते दोन मायक्रोमीटर असते आणि आकार एखाद्या बारीक काडीचा. त्यात सुमारे ४० सूक्ष्मनलिका असतात. गुणसूत्रे १६, प्रत्येकाच्या दोन प्रती आणि प्रत्येक प्रतीला एकच नलिका, अशा ३२ नलिका झाल्या. उरलेल्या दोन्ही टोकांकडून येऊन मध्यभागी एकमेकींवर चढतात.

चातीवर सूत तयार होते. इथले काम बरोबर उलट्या दिशेने चालते. सूक्ष्मनलिका ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या कणांनी रचलेली असते. ती वाढत वाढत जाते आणि एकाएकी टोकाकडून उसवू लागते. ही अस्थिरता मिचिसन आणि कर्शनर यांनी १९८४ मध्ये दाखवली. उसवणाऱ्या टोकाला गुणसूत्राची पकड टिकून राहते आणि नलिका आखडेल तसे गुणसूत्र तिच्याबरोबर ध्रुवाकडे, म्हणजे तर्कूच्या टोकाकडे, ओढले जाते. यीस्टमध्ये ही पकड घट्ट ठेवायला डॅम१ नावाचा प्रथिनसमूह असतो. प्रयोगशाळेत तो नलिकेभोवती कडे करून बसलेला पाहिला गेला आहे. मध्ये एकमेकींवर चढलेल्या नलिकांना मोटर प्रथिने परस्परांपासून दूर ढकलतात, त्यामुळे तर्कू कित्येक पट लांबतो आणि त्याचे एक टोक कळीच्या अरुंद मानेतून पलीकडे जाते.

पण ओढण्याआधी जोडणी बरोबर झाली आहे, हे पेशीला कसे कळते? ताणावरून. दोन्ही प्रती विरुद्ध ध्रुवांना जोडल्या गेल्या, तर रस्सीखेचीसारखा ताण बसतो आणि जोडणी पक्की राहते. दोन्ही एकाच ध्रुवाला अडकल्या तर ताण येत नाही, आणि आयपीएल१ नावाचे विकर ती पकड सोडवून पुन्हा जुळवाजुळव करायला लावते. एक जरी गुणसूत्र मोकळे राहिले, तरी दोन प्रतींना बांधून ठेवणारे प्रथिन तुटू दिले जात नाही. माझ्या मते पेशीच्या साऱ्या व्यवहारातली ही सर्वांत थक्क करणारी खबरदारी आहे.

ही राखण करणारी जनुके १९९१ मध्ये दोन स्वतंत्र गटांना यीस्टमध्येच सापडली. एकांनी त्यांना ‘मॅड’ म्हटले, दुसऱ्यांनी ‘बब’. इंग्रजी आद्याक्षरांची ही नावे. ‘मॅड’ म्हणजे विभाजन थांबवण्यात उणे पडलेले, ‘बब’ म्हणजे बेन्झिमिडॅझोल हे रसायन असतानाही कळ्या फुटणे न थांबलेले. जनुक निरोगी असताना काय करते हे नावात नाही. ते बिघडल्यावर काय झाले, तेच नावात नोंदले गेले. हीच जनुके माणसातही आहेत.

दोन्ही शोधांत बेनोमिल हे बेन्झिमिडॅझोल कुळातले बुरशीनाशक वापरले होते. पाण्यात त्याचे विघटन होऊन कार्बेन्डाझिम बनते, आणि हे नाव महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला नवे नाही. ते बुरशीच्या ट्युब्युलिनला चिकटते, मग सूक्ष्मनलिका रचली जात नाही, तर्कू उभा राहत नाही आणि पानावरच्या बुरशीची वाढ खुंटते.