कॅप्टन दीपक साठे : हवाई दलातला लढाऊ वैमानिक ते कोझिकोडचं शेवटचं उड्डाण

कोझिकोडच्या विमान अपघातानंतर एक मेसेज गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. 'इंधन संपवायला वैमानिकाने आकाशात तीन घिरट्या घातल्या, म्हणून आग लागली नाही.' आजही तो अधूनमधून येतो. ते वैमानिक आपल्या महाराष्ट्राशी नातं असलेले. म्हणून खरी माहिती देत आहोत.

घरातच फौज
दीपक वसंत साठे यांचे वडील लष्करात कर्नल होते. आई-वडील नागपूरला राहायचे. एक भाऊ लष्करात असतानाच गेला. दीपक खडकवासल्याच्या एनडीएमधून शिकले. 1981 मध्ये हवाई दलात दाखल झाले आणि अकादमीत मानाची 'स्वोर्ड ऑफ ऑनर' तलवार मिळवली. 2003 पर्यंत, म्हणजे 22 वर्षे नोकरी केली. विंग कमांडर झाले. चाचणी वैमानिकाचं जोखमीचं कामही केलं. मधे एका अपघातात डोक्याला मोठी जखम झाली, तरी पुन्हा विमान चालवलं. निवृत्तीनंतर एअर इंडियात आणि पुढे एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये बोइंग 737 वर कॅप्टन झाले.

7 ऑगस्ट 2020
कोरोनाचा काळ. दुबईत अडकलेल्यांना घेऊन विमान निघालं. आत 190 जण. कोझिकोडची धावपट्टी डोंगरमाथ्यावर आहे. माळावरच्या वावराचा बांध संपला की थेट दरी, तशी. धो धो पाऊस, त्यात काचेचा वायपर बिघडला. पहिला प्रयत्न सोडून दुसऱ्या बाजूने उतरताना वारा मागून होता. सुमारे 2,700 मीटरच्या धावपट्टीवर चाकं टेकली तेव्हा निम्मी पट्टी मागे पडली होती. विमान दरीत कोसळून त्याचे तुकडे झाले. कॅप्टन साठे आणि सहवैमानिक अखिलेश कुमार यांच्यासह 21 जण गेले. दुसऱ्या दिवशी साठेंच्या आईचा 84 वा वाढदिवस होता.

आजूबाजूच्या गावकऱ्यांनी कोरोनाची भीती बाजूला ठेवून भर पावसात जखमींना स्वतःच्या गाड्यांतून दवाखान्यात पोचवलं.

चौकशीत काय निघालं?
2021 मध्ये अहवाल आला. तीन घिरट्यांची गोष्ट त्यात नाही. सहवैमानिकाने 'गो अराउंड', म्हणजे पुन्हा वर चला, असं सांगूनही विमान उतरवलं गेलं, ही कॅप्टनची चूक अहवालात नोंदली आहे. पण दोष एकट्या माणसावर टाकलेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानासाठी कोझिकोडला कॅप्टन कमी होते, वायपर नादुरुस्त होता, कंपनीच्या व्यवस्थेतही त्रुटी होत्या.

22 वर्षे देशसेवा केलेल्या माणसाचा मान एका चुकीने जात नाही, आणि मान राखायला खोटी गोष्ट लागत नाही. अहवालातून धडा घेतला तर पुढचे जीव वाचतील. मेसेज पुढे पाठवण्याआधी एवढं ध्यानात ठेवा.